अलेप्पीची हाऊसबोट: बुकिंग २१ तासांचं, बोट चालली पाच तास

आधीच सांगते, मजा आली. कारण खाली बऱ्याच तक्रारी येणारेत आणि मग कोणीतरी म्हणेल एवढं होतं तर गेलात कशाला. गेलो कारण बाबांना पंच्याहत्तरावं लागलं आणि त्यांना विचारलं कुठे जायचंय, तर काशी नाही रामेश्वर नाही, म्हणाले ती केरळातली होडी दाखव. बाबा मूळचे वेंगुर्ल्याकडचे, चाळीस वर्षं डोंबिवलीत काढली तरी पाणी दिसलं की माणूस बदलतो. तर आई, बाबा, मी, नवरा आणि अकरा वर्षांचा लेक, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, दोन बेडरूमची बोट, एक रात्र, जेवणखाण धरून साडेपंधरा हजार.

जायला नेत्रावती एक्सप्रेस बेस्ट. पनवेलला चढलो की थेट अलेप्पीला उतरायचं, मधे कुठे गाडी बदलायची नाही, आणि अख्खं कोकण खिडकीतून फुकट बघायला मिळतं. स्टेशनच्या बोर्डावर आलप्पुळा लिहिलेलं असतं, घाबरू नका, तेच अलेप्पी.

आता बुकिंग. आम्ही ऑनलाईन फोटो बघून केलं, अर्धे पैसे आधी भरले आणि इथेच चुकलो. फोटोत वर मोकळा डेक, वेताच्या खुर्च्या, सगळं चकाचक. जेट्टीवर गेलो तर "ती बोट मेंटेनन्सला गेली मॅडम, ही सेम आहे." सेम म्हणजे काय तर ही पण पाण्यावर तरंगत होती एवढंच. वरचा डेक होता पण तिथे चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका बाथरूमचा फ्लश रात्रभर गळत होता आणि आई-बाबांच्या खोलीतला एसी नुसता आवाज करायचा. नवऱ्याने पाऊण तास वाद घातला, शेवटी दीड हजार कमी केले. कंपनीचं नाव देत नाही, कारण आजूबाजूच्या दोन फॅमिलींबरोबर पण वेगवेगळ्या बोटवाल्यांनी असंच केलं होतं, म्हणजे ही तिथली रीतच दिसते. त्यामुळे ख्रिसमस किंवा लाँग वीकेंड नसेल तर आधी पैसे भरूच नका. सकाळी नऊ-दहाला अलेप्पीतल्या पुन्नमडा तलावाच्या फिनिशिंग पॉइंटला जा, तिथे बोटी ओळीने उभ्या असतात, आत चढून बाथरूम, एसी, गाद्या बघा आणि मग भाव करा. (फिनिशिंग पॉइंट म्हणजे ऑगस्टमधल्या नेहरू ट्रॉफीच्या शर्यती जिथे संपतात ती जागा. १९५२ साली नेहरू आले होते तेव्हा त्यांच्यासाठी लांबलचक सर्पनौकांची शर्यत लावली, तेव्हापासून चालू आहे.)

बोटीत चढताना बाबांनी पहिला प्रश्न टाकला, "सारंग कोण?" म्हणजे बोट चालवणारा कोण. मी म्हणणार होते अहो बाबा त्यांना मराठी कसं कळेल, तेवढ्यात सुकाणूवरचा माणूस हसला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला "स्रांक!" तिकडे बोट चालवणाऱ्याला स्रांकच म्हणतात. पुढचा अख्खा दिवस हे दोघं पुढे बसून एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलत होते आणि दोघांनाही सगळं कळत होतं. म्हणजे तसं वाटत तरी होतं.

ह्या बोटीला तिकडे केट्टुवळ्ळम म्हणतात, केट्टु म्हणजे बांधलेली, वळ्ळम म्हणजे होडी. मुळात ह्या मालवाहू होड्या, कुट्टनाडातला (अलेप्पीच्या आसपासचा भातशेतीचा सखल पट्टा) भात भरून कोचीला न्यायच्या. मग रस्ते-पूल झाले, ट्रक आले, होड्या नुसत्या पडून राहायला लागल्या आणि नव्वदच्या दशकात कोणीतरी डोकं लावून त्यांच्यावर बांबू आणि चटयांचं छप्पर टाकून आत पलंग ठेवले. आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या एकमेकींना काथ्याने शिवायच्या, मधे नारळाचा काथ्या ठासायचा आणि बाहेरून काजूच्या टरफलांपासून केलेलं काळं राळेसारखं तेल फासायचं. हे मी वाचून गेले होते आणि लेकाला कौतुकाने सांगत होते, तर बाबा खाली वाकून, अक्षरशः गुडघे टेकून, स्वयंपाकघराच्या मागे जिथे तळाच्या फळ्या उघड्या दिसतात तिथे हाताचं बोट फिरवत बसलेले. शिवण होती खरंच. काथ्याचे आडवे उभे टाके, गोधडीला असतात तसे, हाताएवढे जाड, त्यावर काळ्या तेलाचे इतके थर की दगडासारखे कडक झालेले. "खिळो एक पण नाय गो हेका," बाबा म्हणाले आणि मला तिथे बसवून टाके मोजायला लावले. बाकी बोटीत काय काय कमी आहे त्याची यादी माझ्या डोक्यात चालू होती ती तेव्हा बंद झाली. पण सगळ्याच बोटी अशा शिवलेल्या नसतात हं, नवीन दोन मजली मोठ्या बोटी असतात त्यातल्या काहींचा तळ लोखंडी पण असतो आणि वरून फक्त चटईचा मुखवटा. हौस असेल तर बघून घ्या.

सव्वाबाराला निघालो. पहिला अर्धा तास खरं सांगायचं तर घोडबंदर रोड. पुढे बोट मागे बोट, डिझेलचा वास, एका बोटीवर डीजे लावून ऑफिसची पोरं नाचतायत, पाण्यावर तेलाचा तवंग. लेक म्हणाला आई ट्रॅफिक जॅम. मग वेंबनाडचा मोठा तलाव आला आणि सगळं एकदम पसरलं. हा देशातला सगळ्यात लांब तलाव, तीन जिल्ह्यांना लागून आहे, २००२ पासून रामसर म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आहे, आणि मधोमध गेलं की समोरचा किनारा म्हणजे नुसती नारळांची एक बारीक रेघ. तिथे वारा होता. आईने चष्मा काढून पर्समधे ठेवला आणि डोळे मिटून बसली, म्हटलं बरं वाटत नाही का, तर म्हणाली गप बस.

पण खरी गंमत तलावात नाही, कैनकरी गावाच्या बाजूला कालव्यात शिरल्यावर आहे, आणि ती बोटीत खाली बसून दिसत नाही, वरच्या डेकवर जावं लागतं. वरून बघितलं तर कालव्याचं पाणी वर आणि भातशेती खाली! बांधाच्या अलीकडे आपली बोट तरंगतेय आणि बांधाच्या पलीकडे आपल्यापेक्षा खाली हिरवंगार शेत, त्यात बगळे. कुट्टनाडातली बरीचशी शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, काही ठिकाणी दोन-अडीच मीटर. लोकांनी तलावातून चिखल काढून बांध घातले, आतलं पाणी उपसलं आणि भात लावला, आणि अजूनही दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला पंपाने पाणी बाहेर काढूनच पेरणी करतात. २०१३ मधे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने ह्या शेतीला जागतिक महत्त्वाचा शेती-वारसा म्हणून मान दिला. बाबांना ह्यात नवल काहीच वाटलं नाही, त्यांना वाटला तो भाऊबंद भेटल्याचा आनंद. आपल्याकडे आणि गोव्यात खाजण असतंच की, खाडीला बांध घालायचा, मानशीचं म्हणजे बांधातलं दार भरतीला बंद, ओहोटीला उघडं. फक्त इथे ते सगळं शंभर पटीने मोठं. स्रांकने हातवारे करून सांगितलं की उत्तरेला तण्णीरमुक्कमला अख्ख्या तलावाला आडवा बांध आहे, दारांचा, पाऊस संपल्यावर कोरड्या महिन्यांत समुद्राचं खारं पाणी शेताकडे येऊ नये म्हणून ती दारं बंद करतात. बाबा म्हणाले म्हणजे मानसच. स्रांक म्हणाला अते अते. आणि म्हणूनच आम्ही गेलो तेव्हा पाणी थांबलेलं, जागोजागी जलपर्णीचे गालिचेच्या गालिचे, एकदा तर पंख्यात अडकली म्हणून बोट दहा मिनिटं थांबवून दुसऱ्या माणसाने बांबूने ढकलून काढली. फोटोत ती जलपर्णी फार छान दिसते, जांभळी फुलं वगैरे. मासेमारांना विचारा.

बांधावर घरं आहेत, एका घराच्या रुंदीचीच जमीन, पुढे कालवा मागे शेत. दारात पायऱ्या, पायऱ्यांवर बायका भांडी घासतायत, कपडे धुतायत, आणि आम्ही त्यांच्या मोरीसमोरून गॉगल लावून फोटो काढत चाललोय. मला मधेच फार अवघड वाटलं. आमच्या चाळीच्या नळावर रोज शंभर बोटी येऊन फोटो काढायला लागल्या तर काय झालं असतं. ऑगस्ट २०१८ च्या पुरात हा सगळा भाग बुडाला होता, घरंच्या घरं रिकामी करावी लागली, तेव्हा लोकांना बाहेर काढायला ह्या हाऊसबोटी पण लावल्या होत्या. एका घराच्या भिंतीवर खिडकीच्या वर तपकिरी रेघ दिसली, ती पुराची का साधी ओल ते विचारलं नाही.

आता जेवण. ह्याला पूर्ण मार्क्स, कापायला जागाच नाही. लाल जाडा भात आला (आईच्या तोंडावर हसू, "उकडो!"), सांबार, बीन्सचं थोरन म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी, ताक, पापड, माशाचं लालभडक कालवण आणि प्रत्येकी एक तळलेला करीमीन. करीमीन म्हणजे केरळचा राज्यमासा, तिकडे त्याचं फार कौतुक, केळीच्या पानात भाजलेला करीमीन पोळ्ळिच्चतु तर मेन्यूकार्डावर राजासारखा वर असतो. तो पॅकेजमधे नव्हता म्हणून रात्रीसाठी दोन वेगळे सांगितले, साडेतीनशेला एक. पानं उघडली, बाबांनी चष्मा खाली घेतला, मासा उलटा केला आणि ओरडले, "अरे ह्यो तर काळुंदर!" मग कितीतरी वेळ तेच. आमच्या खाजनातलो मासो आणि साडेतीनशे रुपये. खाल्ला मात्र दोन्ही बाजूंनी साफ, काटे एका ओळीत लावून ठेवले. लेकाला मात्र काटे झेपले नाहीत, लहान मुलं असतील तर चिकन सांगून ठेवा आधीच.

आणि ते कालवण. आईला त्यातलं आंबट कळेना. दोनदा चाखलं, तिसऱ्यांदा बोटावर घेतलं, मग ताट घेऊन सरळ मागे स्वयंपाकघरात. "सोलांसारख्यां लागता, पण सोलां न्हय." तो स्वयंपाकी, चाळिशीचा असेल, लुंगी वर खोचलेली, त्याला एक अक्षर कळलं नाही पण आईचं बोट कुठे आहे ते कळलं. त्याने फडताळातून एक बरणी काढली, त्यातून काळा, वाळलेला, चामड्याच्या तुकड्यासारखा एक तुकडा आईच्या तळहातावर ठेवला. कुडंपुळी. आईने वास घेतला, दाताने टोक तोडलं, आणि पर्समधून (हो, माझी आई प्रवासात आमसुलं घेऊन फिरते, पित्तासाठी) एक आमसूल काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने पण तोडलं. मग दोघांनी माना डोलावल्या. नंतर वाचलं तर कुडंपुळी आपल्या कोकमाचीच भावकी निघाली. पण धुराचा वास असतो तिला, तो आपल्या सोलांना नाही. निघताना त्याने आईला वर्तमानपत्रात गुंडाळून मूठभर दिली, पैसे घेतले नाहीत.

ह्याउलट मासळीचं दुकान. दुपारी बोट एका काठाला लावतात, "फ्रेश प्रॉन्स मॅडम, बघून या." बोटीवाल्यांचं आणि दुकानाचं ठरलेलं असतं हे न सांगता कळतं. निळ्या नांग्यांची मोठी कोळंबी, दिसायला जबरदस्त, भाव सांगितला किलोला अठराशे, आणि शिजवायचे वेगळे. बाबांनी एक उचलून नाकाला लावली, परत ठेवली, आणि काही न बोलता बोटीत जाऊन बसले. आम्ही पण मागोमाग. घेऊच नका असं नाही म्हणत, पण आमच्या बोटीवर जे होतं ते पुरून उरत होतं.

आता मुख्य तक्रार, जी आधी कोणी सांगत नाही. साडेपाचला बोट थांबते. थांबते म्हणजे थांबतेच, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. रात्री मासेमार जाळी टाकतात म्हणून हाऊसबोटींना फिरायला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आम्ही डोक्यात काय घेऊन गेलो होतो, चांदण्यात बोट चाललीय, पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. प्रत्यक्षात बांधाला दोर बांधून चौदा तास एका जागी, डावीकडे दुसरी बोट, उजवीकडे तिसरी, त्यांच्या खिडकीतला टीव्ही आम्हाला दिसतोय. हिशोब केला तर दुपारी बारा ते सकाळी नऊ एकवीस तास, त्यातली बोट चालली सव्वाबारा ते सव्वा, मग जेवायला थांबली, मग अडीच ते साडेपाच, आणि सकाळी पाऊण-एक तास. झाले पाच. बाकीचे सोळा तास ती लॉजची खोली आहे, फक्त डास जास्त. एसी रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच, हे पण बुकिंगच्या वेळी विचारून घ्या, आणि तो चालतो जनरेटरवर, म्हणजे बेडकांचा आवाज ऐकायचा असेल तर एसी बंद आणि झोपायचं असेल तर बेडूक बंद. आई-बाबांनी एसी बंद करून खिडकी उघडी ठेवली, सकाळी दोघांच्या कपाळावर डासांनी नकाशे काढलेले, पण तक्रार एका अक्षराची नाही.

संध्याकाळचा एक तास मात्र देण्यासारखा आहे. बोट बांधल्यावर शिकारा म्हणतात ती छोटी होडी मिळते, तासाला सहाशे घेतले, ती अशा अरुंद कालव्यांमधे शिरते जिथे हाऊसबोट जाऊच शकत नाही. दोन्हीकडच्या फांद्या डोक्याला लागतात. तिथे बदकांचा एक अख्खा कळप बघितला, हजारभर तरी असतील, एक माणूस छोट्या होडीतून काठी आपटत त्यांना हाकत घरी नेत होता, आणि आमच्या होडीला वाट द्यायची का नाही ते बदकं ठरवणार होती. दहा मिनिटं थांबलो. ह्या एका तासात जे बघितलं ते मोठ्या बोटीतून दिवसभरात दिसलं नव्हतं.

सुरक्षेचं, कारण म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन जाताय. चढल्या चढल्या लाईफ जॅकेट मागा आणि मोजा. आमच्या बोटीवर होती पण पलंगाखालच्या कप्प्यात कोंबलेली, लहान मुलाच्या मापाचं एकच. २०२३ च्या मे महिन्यात मलप्पुरममधे तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ माणसं गेली, त्यात मुलं होती, त्यामुळे "काही नाही होत मॅडम" वर हसून सोडून देऊ नका. डेकवर जायचा जिना उभा आणि अरुंद आहे, आईला दोघांनी धरून चढवली. गुडघ्यांचा त्रास असेल तर एक मजली बोटच घ्या, दृश्य थोडं कमी दिसेल पण चालेल.

मग परत जाऊ का? हाऊसबोटीत रात्र काढायला नाही. पुढच्या वेळी नुसती दिवसाची सफर घेईन, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच मिळते, जेवण त्यातच, पैसे बरेच कमी, आणि रात्री बांधावरच्या कुठल्यातरी घरगुती होमस्टेमधे राहीन, तिथेही बेडूक तेच आणि जनरेटर नाही. नवीन लग्न झालेल्यांनी घ्यावी रात्रीची, त्यांना बोट चालते का थांबते त्याच्याशी देणंघेणं नसतं. पाचपैकी साडेतीन, त्यातला एक पूर्ण स्टार स्वयंपाक्याचा.

आणि खरी टीप ही की दुसऱ्या दिवशी चेकआऊट झाल्यावर आम्ही अलेप्पीच्या एसटी स्टँडजवळच्या सरकारी जेट्टीवर गेलो. तिथून राज्याच्या जलवाहतूक खात्याच्या बोटी सुटतात, लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या, आपली एसटीच पण पाण्यातली. कंडक्टर असतो, पैशांची चामडी पिशवी असते, तिकीट इतकं कमी की पाच जणांचे मिळून कालच्या एका काळुंदराएवढे पण झाले नाहीत. नेडुमुडीची बोट पकडली. ती ह्या काठाला टेकते, त्या काठाला टेकते, दोर पण बांधत नाही, एक पाय जेट्टीवर ठेवून माणूस ओढून धरतो तेवढ्यात शाळेची पोरं, मासळीची टोपली घेतलेली बाई, गॅस सिलिंडर, एक सायकल, सगळं चढतं. आमच्याकडे कोणी बघितलं पण नाही. बाबांना खिडकीची जागा मिळाली, हात बाहेर काढून बसले, शेजारच्या आजोबांनी त्यांना कोपराने ढोसून एकेक शेत दाखवलं.

नेडुमुडीला उतरून लगेचच्या बोटीने परत यायचं होतं, संध्याकाळची गाडी होती. बोट लागलेली, नवरा तिकडून हाका मारतोय. बाबा जेट्टीच्या कठड्यावर बसलेले, चहाचा ग्लास हातात. "फुडची घेवया," म्हणाले.

पुढची तासाभराने होती. घेतली. आणि हो, ओडोमॉस दोन ट्यूब न्या, एक पुरत नाही.